मेजवानीतली दासी

३ नोव्हेंबर, सोमवार

परभणी सुटली एकदाची! नोकरी लागली, आणि नोकरीही अशी की आईला फोनवर सांगताना माझं मलाच हसू आलं. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ आहे. मालक श्यामसुंदर सर. इथे माणसांचे फोटो काढून त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये नेऊन बसवतात. लग्न ठरलेली जोडपी, साठी उलटलेले काका, भिशीचं अख्खं मंडळ, सगळे हौसेनं येतात. हिरव्या पडद्यापुढे उभं करायचं, फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर पडदा पुसायचा आणि मागे संगमरवरी खांब, मशाली, रथ लावून द्यायचे.

कपडे शिवते आणि फोटो काढते ती हेमा. धोतराच्या पानाचा टोगा, तमालपत्रांचा मुकुट, केरसुणीचा तुरा लावलेलं शिरस्त्राण! आज बँकेतले एक निवृत्त साहेब सीझर झाले होते. चष्मा ठेवला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, ठेवा की, निदान ब्रूटस लांबून येताना दिसेल.

कर्वेनगरला खोली मिळाली. लहान आहे, पण कोणी डोक्यावर बसलेलं नाही. पुण्यावर माझा एक जुना राग आहे. तो आज काढत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

कामात हात बसायला लागला. रोम लावणं सोपं, माणूस त्यात मुरवणं अवघड. मशाल डावीकडे असेल तर गालावरचा उजेडही डावीकडूनच यायला हवा, सावली पायाला चिकटलेली हवी, आणि केसांच्या कडेची हिरवी रेघ एकेक केस करून काढावी लागते. मला ते जमतं. सरांनी स्क्रीनकडे बघून बरं आहे म्हटलं. हेमा नंतर म्हणाली, हे इथलं उत्कृष्ट समज.

गर्दीची गंमत आज कळली. आखाड्याला प्रेक्षक हवेत, बाजाराला गुलाम, मेजवानीला पाहुणे. एवढी माणसं आणायची कुठून? तर स्टुडिओचा दुसरा धंदा म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. घरात कोणी वारलं की लोक एखादा ग्रुप फोटो घेऊन येतात. त्यातला चेहरा कापायचा, खाली तयार कोट नाहीतर शालू जोडायचा आणि तेराव्याला हार घालण्यासाठी मोठा करून द्यायचा. ते कापलेले चेहरे ‘स्वर्गवासी’ नावाच्या फोल्डरमध्ये साठलेत, आणि रोमच्या गर्दीत तेच बसवतात. सरांचं म्हणणं, आयते कापलेले आहेत, आणि त्यांच्यातलं कोणी तक्रार घेऊन जिना चढत नाही.

हेमाला हे पटत नाही. तिचा एक नियम मात्र सरही पाळतात. मेलेल्याचा चेहरा जिवंत माणसाच्या धडावर लावायचा नाही. धड पुतळ्याचं, चित्रातलं, कुठलंही चालेल, पण श्वास घेणाऱ्याचं नको. मी कारण विचारलं तर तिनं मलाच विचारलं, की तू आपल्या घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला देतेस का.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज केयूर आला. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर होते, म्हणून त्यानं मला पाहिलं नाही. मी मात्र डोळे भरून पाहिलं.

आता लिहूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी याच्याशी माझा साखरपुडा झाला होता. कसबा पेठेतलं घर, माणसं शिकलेली, आई हरखून गेली होती. मग लग्नाच्या बैठकीत त्याची आजी, सुशीलाबाई, म्हणाल्या की मुलीच्या आईनं आमच्याकडच्या बायकांचे पाय धुवायला हवेत. विहिणीचे तर हवेतच, पण आधी माझे, आणि तेही सगळ्यांसमोर, मांडवात. आई हो म्हणणार होती. मीच उभी राहिले आणि सांगितलं, माझी आई कोणाचे पाय धुणार नाही. त्यावर सुशीलाबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, की आपल्याकडे ही पद्धत नाही, की परभणीला पाण्याचीच टंचाई आहे? सगळे हसले. आईसुद्धा हसली, ते मला अजून सोसत नाही. मी म्हटलं, पाणी भरपूर आहे, पायांची तेवढी लायकी हवी. नाव नम्रता ठेवून काय उपयोग झाला, असं म्हणून त्या उठल्या आणि लग्न मोडलं. केयूर चहाच्या कपात बघत बसला होता.

आई अजून मलाच बोल लावते. एवढ्याशा पाण्यानं माझं काय झिजलं असतं, म्हणते.

आज त्याच्यासोबत स्वराली होती, होणारी बायको. लग्न अठ्ठावीसला. त्यांना रोमन मेजवानीचं चित्र हवंय. दोघं मंचकावर रेललेली, भोवती पाहुणे, पुढे द्राक्षं. कार्यालयाच्या दाराशी पुरुषभर उंचीचा फलक लावणार आहेत. काम सरांनी माझ्याकडेच दिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाहुणे शोधायला ‘स्वर्गवासी’ उघडलं आणि तिसऱ्या ओळीत सुशीलाबाई! गेल्या वर्षी वारल्या म्हणे. हेमानंच तो फोटो केला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला वाटलं, सुटली, माझ्या तावडीतून सुटली.

आणि मग सुचलं. रोममध्ये मेजवानीला आलेल्या पाहुण्यांचे पाय दासी धुवायची. मंचकाच्या पायथ्याशी एक दासी बसवायची, हातात परात, समोर नव्या सुनेचे पाय. चेहरा सुशीलाबाईंचा. कॉम्प्युटरवर चित्रातला प्रत्येक तुकडा वेगळ्या थरात असतो; दाखवायच्या वेळी दासीचा थर बंद ठेवायचा, छपाईला देताना चालू करायचा. मग अख्खी कसबा पेठ त्या दारातून आत जाऊ दे आणि बघू दे, कोण कोणाचे पाय धुतंय ते.

आईला यातलं काही सांगितलं नाही, त्या वारल्याचंही नाही. आमच्या घरात त्या घराचं नाव काढत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

धड जमेना. चित्रांतल्या दासी सगळ्या कोवळ्या आणि नटलेल्या. मला लाचार पाठ हवी होती. दुपारी सर आणि हेमा जेवायला गेले तेव्हा मीच जाडाभरडा झगा घातला, कॅमेऱ्याला टायमर लावला आणि परात घेऊन हिरव्या पडद्यापुढे गुडघ्यांवर बसले. हेमाचा नियम आठवला, खोटं कशाला बोलू. पण हे नियम भित्र्यांसाठी असतात.

चेहरा असा बसला म्हणून सांगू! जणू त्याच मानेसाठी केला होता. त्या गोऱ्या होत्या, मी सावळी, म्हणून गळा, खांदे, डावा हात, पाय यांना त्यांचा रंग दिला. सुशीलाबाई माझ्यासमोर वाकून बसल्या. मी मोठ्यानं म्हटलं, नीट घासा, टाचा राहिल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थर बंद करून चित्र दाखवलं. केयूर आणि स्वराली खूश. मी आतच बसले होते.

ती दोघं गेल्यावर थर चालू केला तर दासीची मान वर होती. मी खालीच घातली होती. कदाचित जुनी फाइल उघडली असेल. दुरुस्त केली. हेमानं चहा आणला तर मी तिला म्हटलं, अहो, साखर कोणी सांगितली होती आपल्याला? ती हसली, मी चेष्टा करतेय असं तिला वाटलं. मी चेष्टा करत नव्हते. तोंडातून तसंच आलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन माझा चेहरा बघून उघडतो, तो उघडेना. चेहरा ओळखता आला नाही, असं लिहून येतंय. आरशात तर मीच आहे. फक्त मानेवर गोरा पट्टा आलाय, पावडर सांडल्यासारखा. चोळला, जात नाही.

गुडघे दुखतायत. स्टुडिओचा जिना चढताना दोनदा थांबले.

दासी आता गुडघ्यांवर नाही. परात खाली ठेवून अर्धी उठलीय. मी हात लावलेला नाही. थर बंद केला तरी दिसतेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हेमाला सगळं सांगून टाकलं. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, त्यांच्या फोटोला हार घाल, हात जोड, चूक झाली म्हण, त्यांचे पाय तूच धुतेस म्हणून सांग. जिवंत असताना माणूस पायांवर अडला होता, अजून तिथंच अडलाय.

मी? मी धुवू? तिनं माझ्या आईचं हसं केलं. माफी तिनं मागावी. मी हेमाला तसंच सुनावलं आणि तिच्यासमोर तो थर काढून टाकला. फाइलच पुसून टाकली. घ्या म्हणावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सरांनी फलक छापूनसुद्धा आणला. कुठल्या फाइलवरून, ते त्यांना सांगता येईना. गुंडाळी उघडली. सुशीलाबाई सगळ्यात उंच मंचकावर बसल्यात, केयूरच्याही वर. खाली परात, परातीत पाणी. परातीमागची जागा रिकामी.

केयूर न्यायला आला आणि रडला. आजीला मानाची जागा दिलीत म्हणून सरांचे हात हातात घेतले. मग आत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता ओळखेल. तो म्हणाला, काकू, तुम्ही केलंत का हे? फार उपकार झाले तुमचे.

काकू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कामावर गेले नाही. आरशात केस पांढरे. नाक तिचं. हसले तर ती हसते, मी हसले नाही तरी हसते.

फक्त उजवा हात माझा आहे. फोटोत तो परातीआड होता, रंग द्यायचा राहिला. सावळा, माझा. त्यानंच लिहितेय.

हरले. माफी मागते. मी तिचे पाय धुते. बादली भरली, खाली बसायला गेले तर गुडघे वाकेनात. तिचे गुडघे. कोणापुढे कधी वाकलेच नव्हते ते.

आणि पाय तरी कोणाचे धुवू? पाय माझेच — तिचे —

२६ नोव्हेंबर, बुधवार

आईचा फोन आला. उजव्या बोटानं उचलला. आई आनंदानं रडत होती. म्हणाली, तूच काल सांगितलंस की गं, केयूरकडचे पुन्हा तयार झालेत, आजीबाईंचा मान तेवढा करायचा राहिलाय, म्हणून. आजीबाई तुझ्याच खोलीवर भेटणार आहेत ना, परवा पोचते म्हणाली. परात नवीन घेतलीय.

मी काल कोणालाच फोन केला नाही.

नको येऊस म्हणायला तोंड उघडलं. तोंडानं सांगितलं, अवश्य या, वाट बघतो आहोत आपली.

मेसेज लिहायला उजवा हात पुढे केला. डाव्यानं फोन उचलून बादलीत टाकला.

२७ नोव्हेंबर

दाराला आतून कडी घातली. उजव्या हातानं.

डाव्यानं काढली.

आईनं नको. माझ्यावर काढ ना राग. मी बोलले होते, आई नव्हती बोलली. माझं धड घे, नाव घे, सगळं घे — ती ऐकतेय. पायांवरून हात फिरवत बसलीय.

२८ नोव्हेंबर

आई आली. लाल काठाची साडी नेसलीय. दारातूनच वाकून नमस्कार केला. मला. हिला.

नम्रता कुठंय, विचारलं. तोंड म्हणालं, येईलच, आपण बसून घ्या. खाली.

वही आईकडे ढकलायचीय. डावा हात पदराखाली दाबून धरतो. आई मान वर करत नाही. मोठ्या माणसांकडं टक लावून बघू नये, हे तिचं —

पाणी कोमट आहे. तिनं स्वतः गरम केलं. म्हाताऱ्या माणसाला गार सोसत नाही, म्हणाली.

मला खाली बसायचंय. तिच्या हातातून परात घ्यायचीय. गुडघे —

तोंड विचारतंय, परभणीला पाणी आलं वाटतं?

आई हसली. तशीच हसली. म्हणाली, पोरगी लई फटकळ हाय माझी, पण मनानं वाईट न्हाई, तिला पदरात घ्या. आणि परातीत पाय —

हात गोरा होतोय. मनगटापासून. पाणी लागलं तसा —

आई, वर बघ. एकदा वर बघ. बोटं बघ, माझी आहेत अजून, आई, मी इथंच आहे, तुझ्या समो