गार्गीचं सातवं वर्ष

८ सप्टेंबर, मलकापूर
‘आयांनो, तुमच्या लेकराला शेजारी द्वाड म्हणतात, गुरुजी उनाड म्हणतात आणि शेवटी सगळे मिळून बोट तुमच्याकडे दाखवतात. म्हणे आईनंच वळण लावलं नाही!’
संग्रामपूरच्या माता-मेळाव्यासाठी एवढं लिहून झालं. टाळ्या पडतील. पडतातच.
पुढचं सुचेना. सकाळी गार्गीला आंघोळ घालताना छातीला हात लागला तशी ओरडली, "आई, दुखते ना!" चाचपून पाहिलं. डावीकडे बोराएवढी गाठ. सात वर्षांची आहे. दुसरीत.
कुणाला बोलले नाही.

११ सप्टेंबर
भुलाबाई यंदा शेजारच्या लताकाकूंकडे. गाणी झाली, मग पोरींनी डब्यातली खिरापत ओळखायची. मागच्या वर्षी गार्गीनं गाणं संपायच्या आत डब्याचं झाकणच उघडलं होतं. हात धरून घरी आणावं लागलं. यंदा मांडी घालून बसली, आपला नंबर येईस्तोवर थांबली, "शिरा!" म्हणाली आणि बरोबर निघालं. एडीएचडीची, तिच्या अतिचंचलपणाची, गोळी सुरू केल्यापासूनचा हा फरक. एका छोट्या गोळीनं मला माझी मुलगी भेटवली, असं मी व्यासपीठावरून सांगते.
लताकाकू म्हणाल्या, "शिस्तीत आली वं तुही पोट्टी!" मग तिच्या फ्रॉककडे पाहत, हळूच, "पण वयाच्या मानानं लवकर भरून राह्यली, नाही का?" बाया हसल्या.
भर सभेत कुणालाही उलटं उत्तर देते मी. इथं गार्गीचा हात धरून उठले.

१२ सप्टेंबर
सुधीरला सांगितलं. कृषी केंद्रातून येऊन नुकताच हातपाय धूत होता. बाप म्हणून आधी घाबरला, मग चिडला. "गोळीच. दुसरं काय? मी तवाच नाही म्हटलं होतं."
मी आवाज चढवला.
"हे संग्रामपूर नाही. घरात माइक लागत नाही तुले."
खरं म्हणजे मलाही तीच भीती. मिळेल ते वाचलं. कुणी लिहितं गोळीचा आणि लवकर वयात येण्याचा संबंध असू शकेल, कुणी लिहितं नाही. जन्मभर पुस्तकं वाचली. ‘अजून ठाऊक नाही’ या शब्दांवर अशी कधी अडले नव्हते.

१३ सप्टेंबर
आमच्या बालरोग डॉक्टरांचा फोन. गोळी मनानं बंद करू नका, आधी अकोल्याला मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. ऐकून सुधीर कृषी केंद्रात निघून गेला. म्हणजे पटलेलं नाही.
शाळेत जाऊन आले. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. दुसरीच्या वर्गात हिला पाळी आली तर? बुटाची लेस बांधायला घेते आणि अर्ध्यात उठून मुंगळा बघायला जाते. हिला मी कसं समजावू की...

१८ सप्टेंबर, अकोल्याहून परतताना, गाडीत
तज्ज्ञ डॉक्टरीणबाई. तरुण, शांत. तपासलं, उंचीचा आलेख काढला. उंची एकदम वाढलीये. मी समजत होते खाल्लेलं अंगी लागतंय! लवकर वयात येणं म्हणजे हाडांची वाढ लवकर संपणं, मग उंची तिथंच थांबते.
"गोळीमुळे झालं का?"
"हो म्हणायला पुरेसा आधार नाही. अजिबात नाही, असंही छातीठोक सांगणार नाही. आणखी काही देता का? औषध, चूर्ण, टॉनिक?"
"काहीच नाही," मी ठणकावून सांगितलं. सभेत सांगते तसं.
गार्गी टेबलाखाली वजनकाट्याशी खेळत होती. सकाळच्या गोळीचा अंमल उतरला होता. मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे हजारदा शिकवलंय. तिथूनच ओरडली, "आजी देते ना पावडर! दुधात. आईले सांगू नको म्हणे!"
सुधीर माझ्याकडे पाहीना. मीही त्याच्याकडे नाही.
रक्त घेतलं. हाडांचं वय पाहायला हाताचा एक्स-रे काढला. पावडर आजपासून बंद, गोळी तूर्त चालू.

१९ सप्टेंबर
सासूबाईंनी लपवलं नाही. देवघराच्या फडताळातून पुडी आणून पुढ्यात ठेवली. नाव नाही, चिठ्ठी नाही. आठवडी बाजारातल्या बाबाकडची, अंगावर मांस चढवणारी. याच बाबाविरुद्ध मी बाजारात भाषण केलंय.
"हाव, देल्ली. तुह्या गोळीनं पोरीची भूक मारली. भाकर पाह्यली की तोंड फिरवे. बरगड्या दिसत होत्या वं माय. मी का पाहत बसू?"
"मला विचारायचं तरी."
"तुले? तू आयकतं कधी? तू त बोलतंच!"
भांडायला शब्द होते. पुडी उचलली. बरगड्या मलाही दिसत होत्या. मी प्रगतिपुस्तक पाहत होते.
पुडीचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला. उत्तर आलं, अशा सुट्या पावडरीत कधी कधी हार्मोन मिसळलेलं असतं. यात आहे का, फोटोवरून सांगता येणार नाही.
पावडर असेल, गोळी असेल, दोन्ही नसतील. डोक्यात वाढलेलं काही असेल, हेही तपासावं लागेल म्हणाल्या. हे शेवटचं सुधीरला सांगितलेलं नाही.

२२ सप्टेंबर
रिपोर्ट नाही. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. गार्गी त्यांना भरवायला गेली, "आजी, तुले पावडर आणू का?" त्या हसल्या आणि मग रडल्या. मी दारातच उभी.
आज गार्गी छातीला दुसऱ्या बाजूलाही दुखतं म्हणाली.

२४ सप्टेंबर, संग्रामपूर
मेळावा आत्ता संपला. लिहिलेलं भाषण घडी करून पर्समध्येच राहिलं. रिपोर्ट अजून नाही, फोन उलटा ठेवून उभी राहिले. काय बोलायचं, ठरवलेलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा.
म्हणाले, माझ्या लेकीला काय झालंय हे मला ठाऊक नाही, म्हणून उपदेश करणार नाही. एकच मागते. आयांनो, लेकराला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, न रागावता विचारा. आजीनं दिलेली, बाजारातल्या बाबानं दिलेली, तुम्ही स्वतः दिलेली प्रत्येक पुडी, डबी, बाटली पिशवीत घाला, आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता.