टँकरचं वाक्य

१२ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

दलदल बरी झाली, हे कशावरून ओळखायचं ग? माणसाचा ताप उतरला की तो बरा झाला म्हणतात. दलदलीचं काय? गेला आठवडा मी यावर डोकं खाजवतेय आणि खरं सांगते, मला उत्तर येत नाही. बाबांना मात्र हे कळवू नकोस. पदवीच्या कागदाबरोबर सगळी उत्तरंही गुंडाळून मिळतात, असा त्यांचा समज आहे. तो इतक्यात मोडायला नको.

आमच्या कार्यालयात बिघडलेले ओढे आणि पाणथळ जागा पुन्हा नीट करायचे आराखडे तयार होतात. माझ्याकडे ते सुधारायचं काम आलंय. सुधारायचं म्हणजे भाषा. साहेबांचं म्हणणं, वाक्य गुळगुळीत हवं, मंजुरी देणाऱ्या समितीच्या घशात अडकता कामा नये. माझं टेबल लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत आहे. बाहेर पडायचं तर नकाशेवाल्या काकांना उठवावं लागतं, आणि ते उठताना असा सुस्कारा टाकतात की मी पाणी पिणंच कमी केलंय. खिडकी आहे, पण ती रंगवताना कायमची चिकटून बसली.

सध्या हातात गावाबाहेरच्या दलदलीचा आराखडा आहे. तिच्या मधोमध कुणीतरी कधीकाळी चर खणला. ओढ्याचं पाणी त्यातून सरळ निघून जातं आणि दलदल सुकत चाललीय. उपाय म्हणून तिथे झाडं लावायची आहेत, म्हणजे तुझ्या रोपवाटिकेतलीच रोपं! ते वाचून मला कोण अभिमान वाटला. पण पुढच्याच पानावर लिहिलंय, ‘रोपांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे.’ दलदलीला टँकर! मी मोठ्यानं हसले. काका म्हणाले की हा आराखडा एका उघड्याबोडक्या डोंगरावरच्या लागवडीचा होता, त्यातला डोंगर काढला, टँकर राहून गेला.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर जीव आहेच तुझा, तो तसाच असू दे.

तुझी,
पेन्सिल

२० जानेवारी

चि. पेन्सिल हीस,
अनेक आशीर्वाद.

दलदल बरी झाली का, हे बघायचं तर तुझ्या भावोजींना त्यात उभं कर. गुडघ्यापर्यंत गेले तर सुधारतेय समज, कमरेपर्यंत गेले तर बरी झाली. त्याच्याही खाली गेले तर मात्र मला लगेच कळव. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, तुमच्या घराण्यात विनोद फार, अक्कल बेताची.

इथे घरात पाय ठेवायला जागा नाही. फुलझाडांचे वाफे मोडून सगळीकडे तुमचीच रोपं मांडलीत. न्हाणीघराकडे जायचं तरी आडवं होऊन जावं लागतं. फुलांची नेहमीची गिऱ्हाइकं ह्यांनी दुसऱ्या वाटिकेकडे पाठवली, कारण यंदा आम्ही मोठ्या कामाचे मानकरी! रोपं कमरेला लागलीत. मुळं पिशवी फोडून खालच्या जमिनीत शिरू बघतात, म्हणून सारखी उचलून हलवावी लागतात. माझ्या पाठीनं संप पुकारलाय.

आराखडा कधी मंजूर होतोय तेवढं बघ. आणि पाणी पीत जा ग. काकांना सुस्कारे टाकू दे, त्यानं छाती मोकळी होते.

तुझी,
ताई

३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून लिहितेय. भावोजी जवळ नसताना वाच.

रविवारी मी एकटीच दलदल बघून आले. चराजवळची जमीन भेगाळलीय, पण दूरच्या कोपऱ्यात अजून लव्हाळी दाट आहेत आणि माझी चप्पल तिथेच राहिली. मोठं झाड तिथे एकही नाही, आणि पूर्वीही नव्हतं. चर बुजवला तर पाणी पसरेल आणि दलदल परत येईल. पण मग तुझी झाडं पाण्यात पाय बुडून कुजतील. झाडं जगवायची तर चर उघडा ठेवायला हवा, आणि मग राहिलेली दलदलही ती शोषून टाकतील. दोन्ही एकदम होणार नाही. आराखड्यात झाडं का आली, तर ती मोजता येतात. इतकी लावली, इतकी जगली, झालं यश! तिथे काय मोजायला हवं, हे मी आता थोडं तरी सांगू शकेन. भर उन्हाळ्यात जमिनीत किती खोल गेल्यावर ओल लागते, ते.

साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हुशार आहेस म्हणाले, आणि टँकरचं वाक्य तेवढं काढून टाकायला सांगितलं. बाकी सगळं उत्तम आहे म्हणे. ताई, त्या आराखड्यात तेवढं एकच वाक्य खरं बोलतंय. दलदलीला टँकर कशाला, म्हणून समितीतला एखादा तरी थबकेल. मी ते काढलं की कागद निर्दोष दिसेल आणि बिनबोभाट मंजूर होईल. म्हणजे मी जितकं चांगलं काम करीन, तितकं वाईट घडेल. आणि वाईट घडू दिलं नाही, तर तुझं अंगण तसंच भरलेलं राहील. मी त्या फटीत बसून असते आणि कुणीकडूनही बाहेर पडता येत नाही.

काय करू, ते लिही. रागावलीस तरी लिही.

तुझी,
पेन्सिल

११ फेब्रुवारी

चि. पेन्सिल हीस,
आशीर्वाद.

रागावले नाही. रागवायला वेळ कुठाय?

दहावीनंतर मी घरी बसले आणि तू शिकलीस, हे मी कधी बोलून दाखवलं नाही, आताही दाखवत नाही. पण दलदलीला तुझ्याशिवाय कुणी नाही असं तुला वाटतंय, तर आम्हाला कोण आहे, तेही सांग. ही रोपं दुसरं कोणी घेणार नाही. एवढी उंच आणि एवढी एकाच जातीची कुणाला हवीत? पिशवीत अजून एक उन्हाळा काढला की त्यांच्या मुळांची गुंडाळी होते, मग ती लावूनही जगत नाहीत.

तुझं खोटं आहे असं मी म्हणत नाही. एवढी खेप जाऊ दे, पुढचे आराखडे हवे तितके सुधार. ह्यांना काही बोलले नाही. ते रोज संध्याकाळी रोपांमधून हिंडतात आणि शीळ घालतात.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. भावोजींच्या शिळेचं तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

एवढी खेप जाऊ दे, हे मीही स्वतःला म्हणून बघितलं. पण पुढच्या आराखड्याच्या वेळीही कुणाची तरी खेप तयार असणार. कुणाचं तरी अंगण भरलेलं असणार, आणि ते माणूस तुझ्याइतकंच कष्टाळू असणार. मग मी सुधारणार कधी? तू माझ्यासाठी शिक्षण सोडलंस ते मी वाक्यं गुळगुळीत करावीत म्हणून नव्हे, असं मला वाटतं. ते मी माझ्या सोयीनं धरून चाललेय का, हे तूच सांगू शकशील.

समिती मंजुरीआधी कुणाचीही लेखी हरकत स्वीकारते. एकच कागद असतो, खाली सही. मी साहेबांना विचारलं की मी हरकत घेतली तर काय होईल. ते चष्मा पुसत म्हणाले, तुझं टेबल दुसऱ्या कुणालाही सहज पुरेल.

या रविवारी मी येतेय. उंच रोपं लागणाऱ्या जागा शोधायला भावोजींबरोबर फिरेन. शाळा, कारखान्यांची आवारं, रस्त्याच्या कडा, जिथे म्हणशील तिथे. सगळी खपतील असं खोटं आश्वासन देत नाही. दार उघडलंस तर आत येईन, नाहीतर बाहेर उभी राहून रोपं हलवीन.

माया असू दे असं एरवी पत्राखाली मी सवयीनं लिहिते. आज ती मागतेय.

तुझी,
पेन्सिल

ता. क. वरचं सगळं तुझी परवानगी मागितल्यासारखं झालंय, म्हणून आता खरं लिहिते. हरकत मी काल दुपारीच दाखल केली. चराचं, झाडांचं आणि टँकरचं सगळं लिहिलं, रोपं माझ्या सख्ख्या बहिणीची आहेत हेही लिहिलं, आणि खाली पूर्ण नावानं सही केली.