सोफीच्या पानांतले बदाम

नेपरव्हिल, २८ नोव्हेंबर २००४

चि. सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.

तुझा लेक चारुदत्त ऑफिसच्या कामाला इकडे आला, त्याच्याबरोबर चकल्या, अनारसे, कुंकू पोचलं. साडेतीनशे रुपये तरी पडले असतील. कशाला गं एवढा खर्च? डबा रिकामा परत करायचा नाही ही आईची शिकवण, म्हणून जाताना त्यात बदामाच्या पुड्या भरून दिल्या.

त्या पुड्यांपायीच हे पत्र. आमच्या सुनेची, आसावरीची पीएच.डी. सोफी नावाच्या जर्मन राजघराण्यातल्या बाईवर आहे, सात-आठशे वर्षांपूर्वीच्या. टेबलाखाली पाठकोरी पानं दिसली, मी रद्दी समजले आणि त्यांच्याच पुड्या बांधल्या. तिने उन्हाळाभर जर्मनीत बसून जुन्या दप्तरांतून हाताने उतरवून आणलेली होती ती. प्रसादने विचारलं तर मी म्हणाले, मी हात लावला नाही, तुझ्या बायकोचाच पसारा. फोन करावा तर सून घरातच असते. कागद जपून ठेव आणि कुणाला बोलू नकोस.

तुझी ताई, मालिनी

नागपूर, १४ डिसेंबर २००४

ती. ताईस सा. न.

मीही आपल्याच आईची लेक, निम्म्या पुड्या भिशीत वाटून मोकळी. दारोदार जाऊन कागद मागितले. बायका म्हणाल्या, बदाम देऊन कागद परत मागणारी पहिलीच पाहिली. एक सोडून सगळे मिळाले, थोडे तेलकट. परवा आसावरीने माझ्या गुडघ्याची चौकशी करायला फोन केला, तेव्हा माझी जीभ अडखळली. ताई, तुझं खोटं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

तुझी शरयू

नेपरव्हिल, ३ जानेवारी २००५

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस नैवेद्य दाखवायला हात धजेना. शेवटी प्रसादसमोरच सुनेला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चहा टाकला. मग म्हणाली, सोफीची आई संत होती, आई. नवरा गेल्यावर सगळं दान केलं, लेकरंही दुसऱ्यांच्या हवाली केली. पुढे सोफी आपल्या मुलाच्या राज्यासाठी वर्षानुवर्षं भांडली, पण लोक पाया पडतात ते तिच्या आईच्या. संत म्हटल्यावर मी सवयीने हात जोडायला गेले, ते तसेच राहिले. प्रसाद मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तुझा माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तेही सोसेन. पानं रजिस्टरने पाठव, पाकिटावर आसावरीचं नाव घाल. राहिलेलं एक कुणाच्या घरी गेलं, ते उलट टपाली तिलाच कळव, मला नको.

मालिनी