जुन्या जागी कोणी विचारलं तर

अकोला, मंगळवार

प्रिय अंकुर,

सवयीनं आधी बातमी सांगते. आपल्या संत्र्याच्या कलमांच्या नर्सरीची वेबसाइट ज्या कंपनीकडे ठेवलेली आहे, ती कंपनी या गुरुवारी बंद होतेय. नुसती मेल आली तेव्हा मला फसवणुकीचा प्रकार वाटला होता. पण गेल्या आठवड्यात दीपमालानं त्यांच्या माणसाशी फोनवर बोलून खात्री करून घेतली. गुरुवारी संध्याकाळनंतर तिथलं सगळं पुसलं जाईल. दीपमाला म्हणजे तुझ्याच वर्गातली, बडनेऱ्याची. आता अमरावतीत तिचं स्वतःचं ऑफिस आहे आणि लोकांच्या साइट एका कंपनीकडून दुसरीकडे हलवून देणं हेच तिचं काम आहे. आपलीही तीच हलवतेय.

तिनं मला दोनदा समजावून सांगितलं. साइटचं नाव तेच राहतं, फक्त आतलं सामान दुसऱ्या जागी जातं. पण नव्या जागेचा पत्ता जगभर पोचायला एक-दोन दिवस लागतात. तोवर तेच नाव टाकून कोणी जुन्या जागी पोचतो, कोणी नव्या. आणि त्या दिवसांत जुन्या जागी कोणी काही लिहिलं तर ते तिथंच राहतं, जागेबरोबर पुसलं जातं. "ताई, नर्सरीची साइट आहे, दोन दिवसांत काय बिघडते?" असं ती हसत म्हणाली. मी हसले नाही.

तू ती साइट केलीस तेव्हा बाबांनी तिला पोरखेळ म्हटलं होतं. मोर्शीत आपली कलमं कोणाला माहीत नाहीत, मग फोटो कशाला, असं त्यांचं म्हणणं. तू ऐकलं नाहीस. विहिरीजवळच्या झाडाचा फोटो काढून पहिल्या पानावर टाकलास, खाली लोकांना लिहायला चौकट ठेवलीस, आणि तेल्हाऱ्याहून गाडीभर कलमांची मागणी आली. ती कलमं मेली. त्यांचीच जमीन पाणी धरणारी होती, हे पुढं सगळ्यांनाच कळलं. पण तेल्हाऱ्याची माणसं अंगणात उभी होती तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "यानं कॉम्प्युटरवर धंदा केला, यालेच इचारा." दुसऱ्या दिवशी अकोला स्टेशनवरून मला फोन केलास की ताई, मी चाललो. मी गाडी काढून पोचेपर्यंत प्लॅटफॉर्मवर फक्त हमाल होते.

मग तो नंबर बंद, मित्रांना काही माहीत नाही. वर्ष उलटलं. साइट चालू ठेवायची म्हणून बाबा झाडाचा फोटो पाठवायचे आणि मी इथून टाकायचे. एकदा चौकटीत कोणीतरी बिननावाचं लिहिलं : "यंदा बुंध्याले बोर्डो लावला नाही काऊन?" मी फोनवर ते वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पोट्टा हाये आपला." मी उत्तर लिहायला घेतलं तर ओरडलेच, "काही लिहू नको! उडून जाईन तो." आणि त्याच दुपारी त्यांनी स्वतः मोरचूद-चुन्याचा बोर्डो कालवून बुंध्याला पांढरा पट्टा दिला, फोटो काढला, मला पाठवला. "हा टाक. समजते त्याले."

तुला समजलं होतं ना? तेव्हापासून आपल्या घरात हीच रीत झाली. बहार आला की तू एक प्रश्न टाकायचास आणि बाबा फोटोनं उत्तर द्यायचे. फांद्या वाकल्या, बांबू दिले नाहीत का, असं विचारलंस, तर बांबू दिलेला फोटो. आळ्यात तण काऊन, तर आळं साफ केल्याचा फोटो. आई म्हणते, "झाडाचे एवढाले फोटू काढता, माहा एखादा काढला का कवा?" पण बाबा फोटो काढायला निघाले की त्यांचा शर्ट तीच बदलून देते, जसं काही तेच फोटोत येणार आहेत.

आणि एकदा ते आलेच. गेल्या वर्षी थंडी सरताना आंबिया बहाराच्या फुलांचा फोटो होता. सकाळचं ऊन, समोर झाड आणि खाली मातीवर फोटो काढणाऱ्याची लांब सावली. ती मला दिसली नव्हती, बाबांनाही नाही. तू लिहिलंस : "काठी कवापासून?"

त्या प्रश्नाचं उत्तर फोटोतून कसं द्यायचं ते बाबांना सुचलं नाही. पुढचा फोटो त्यांनी काठी बाजूला ठेवून, झाडाला टेकून काढला. मला तेव्हाच वाटलं होतं की हे चुकतंय. त्यानंतर तू काही विचारलं नाहीस. मृगाचा बहार आला, फळं उतरली, चौकट रिकामी. आता आंबियाची फुलं पुन्हा आलीत. बाबा रोज फोनवर विचारतात, "कोनी लिहिलं का?" आणि मी नाही म्हणते. ते "गिऱ्हाइकंच नाहीत यंदा," एवढंच म्हणतात. अनोळखी नंबर दिसला की मी उचलण्याआधी मोठा श्वास घेते. तू रागावलायस, की आजारी आहेस, की... पुढचं मी मनातसुद्धा पुरं करत नाही.

रविवारी दीपमालानं सगळं सामान नव्या जागी टाकून पाहिलं. मी तेव्हा मोर्शीलाच होते. पान उघडलं. फोटो जसेच्या तसे होते, पण तुझ्या ओळींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. रांगाच्या रांगा. बाबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाले, "आला का तो? एवढं इचारून राहिला?" त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला खरं सांगायला वेळ लागला. दीपमाला फोनवर सांगत होती, "काकाजी, घाबरू नका, मराठी अक्षरं नीट उतरली नाहीत. मूळ ओळी जुन्या जागी जशाच्या तशा हायेत. आणतो मी." आणि तिनं आणल्या. संध्याकाळी सगळे प्रश्न आपापल्या फोटोखाली परत होते. बाबांनी ते मला एकेक करून मोठ्यानं वाचायला लावले.

दीपमालाचं म्हणणं होतं की जुन्या जागेची चौकट आता बंद करू, म्हणजे तिथं कोणाचं लिहिलेलं वाया जायला नको. बाबा तयार झाले नाहीत. "त्यानं लिवाले घेतलं अन् दार लागलेलं दिसलं तर?" नवी चौकट लिहिणाऱ्याचं नाव आणि मेल मागत होती, तेही त्यांनी काढायला लावलं. "नाव मांगू नका त्याले." कोणी कुठल्या गावाहून लिहिलं याची नोंद आतल्या सामानात सापडू शकते, असंही दीपमाला म्हणाली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी पाहिलेलं नाही, अंकुर. पाहणारही नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. साइट खरंच नव्या जागेवरून दिसतेय की जुन्या, हे ओळखायला नव्या प्रतीत काहीतरी वेगळं ठेवावं लागतं. दीपमाला एरवी एखादा शब्द ठेवते. ती म्हणाली, ताई, तुम्हीच काही लिहून द्या. तू ज्या पानावर येतोस, त्याच्या अगदी तळाशी, झाडाच्या फोटोखाली मी हे ठेवतेय. गिऱ्हाइकं पान एवढं खाली सरकवत नाहीत. तू हे वाचत असशील तर तू नव्या जागी पोचलायस. पहिल्यांदाच शब्दांत लिहितेय म्हणून भीती वाटते, उडून जाशील अशी. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिही. पण ये म्हणू नको त्याले." म्हणून म्हणत नाही. "अन् काठीचं सांग." तर काठी दोन पावसाळ्यांपासून आहे. विहिरीच्या काठावर पाय घसरला, खुब्याला लागलं, आता फिरतात. उद्या दुपारी दीपमाला नाव नव्या जागेकडे वळवेल. जुनी जागा बघायची सोय तिनं मला करून दिली आहे. गुरुवारी संध्याकाळी ती पुसली जाईपर्यंत मी तिथं नजर ठेवून बसेन, नव्या जागी बाबा बसतील. आणि उद्या सकाळी ऊन मागून, सावली समोर असताना ते फुलांचा फोटो काढतील. या वेळी काठी हातात ठेवून.

तुझीच,
ताई