वणाचा वाण

९ फेब्रुवारी

नव्या कामावर आज रुजू झालो. मालकीणबाईंनी मला आणायला चक्क हातगाडी पाठवली होती, आणि ती ढकलत आल्या होत्या नर्सरीत कुंड्या भरणाऱ्या मावशी. माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. मावशी म्हणाल्या, त्यांना वाटलं माळी सगळा संसार घेऊन येतोय. एवढ्याशा ट्रंकेसाठी गाडी आणून कंबर मोडून घेतली, तर आता माळ्यानेच गाडीत बसावं म्हणजे खेप तरी फुकट जायची नाही. शेवटी ट्रंक गाडीत ठेवली आणि दोघांनी मिळून चढ चढला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नव्या जागी पहिल्याच तासात हसायला मिळालं, ही देवाची कृपाच म्हणायची.

खोली लहान पण उजेडाची आहे. खिडकी थेट काचघरात उघडते, त्यामुळे खाटेवर पडल्या पडल्या झाडं दिसतात. सगळी सक्युलंट. जाड, गुबगुबीत पानांची, पानांतच पाणी साठवणारी, बसकी, कमळासारखी. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कुंडीची खापरी सरकवली.

मालकीणबाई पासष्टीच्या असतील. त्यांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हात स्थिर आहे. त्यांचे स्वतःचे कापतात. निळसर पानांची एक जात आणि लाल कडांची दुसरी, यांचा संकर करून स्वतःचा एक वाण काढायचा, हे एकच वेड त्यांनी तीस वर्षं जपलं आहे. दरवर्षी फुलं येतात, पण बी काही धरत नाही. आता त्यांची सगळी आशा माझ्या हातावर. एक नियम सांगितला: पानांवर पांढरी भुकटी असते, तिला बोट लावायचं नाही. लागलं तर त्याची खूण पान गळेपर्यंत जात नाही.

मी पहाटे उठून नामस्मरण करतो हे मावशींना कसं कळलं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत माझं नाव ‘बुवा’ पडलं होतं.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, खुशालीचं पत्र लिहिलं. ती टपाल कचेरीत शिक्के मारण्याच्या कामावर आहे, म्हणून तिकडेच राहिली. आम्ही दोघं चांगले आहोत. बोलतो कमी, एवढंच.

१४ मार्च

फुलं आली. घंटेसारखी, नखाएवढी. एका जातीचा पराग कुंचल्याने उचलायचा, दुसरीच्या फुलात टेकवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. काम देवपूजेसारखं आहे, घाई चालत नाही. दर फुलाला एकदा देवाचं नाव घ्यायचं असं मी ठरवलं होतं. दुपारी कुंचल्याचे केस झडले, म्हणून पुढची फुलं उजव्या हाताच्या अंगठ्यानेच केली.

एक चूक झाली, ती इथे लिहून टाकतो. साठेक फुलं झाल्यावर लक्षात आलं की तोंडात देवाचं नाव नाही. मुलीचं आहे. घरातलं, लाडाचं. किती फुलांपासून ते आलं होतं, सांगता येणार नाही.

एकोणीस वर्षं झाली. सहा वर्षांची होती. शाळेतून तिला घेऊन बंधाऱ्यावरून येत होतो, पाणी अचानक वाढलं आणि हातातून हात सुटला. तेव्हापासून हिने किंवा मी ते नाव घरात उच्चारलेलं नाही. आज मी ते फुलांना सांगत बसलो. देवाची क्षमा मागितली. मन मात्र हलकं झालं होतं, हेही खरं.

२ जून

बी धरलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. धुळीसारखं बारीक बी. मालकीणबाई ते कागदावर घेऊन श्वास रोखून बसल्या होत्या. म्हणाल्या, बुवा, तुमच्या हाताला गुण आहे. मावशींनी लगेच पुस्ती जोडली की बुवांनी तोच हात जरा त्यांच्या सुनेच्या डोक्यावरून फिरवावा, म्हणजे तिच्या हातूनही घरात एखादं काम होईल.

चाळलेल्या विटांच्या चुऱ्यावर बी पेरलं, वर काच झाकली. पाणी ट्रेच्या खालून, बेतानेच. या झाडांना एका पाण्याचीच भीती, असं मालकीणबाई म्हणतात. जास्त झालं की एका दिवसात कुजतात.

मला हातगुणाची स्तुती ऐकवत नाही. मान खाली घालून काम करत राहिलो.

१९ जानेवारी

वर्ष होत आलं. साठ रोपं जगली, एकेक बांगडीएवढं. आज सकाळी एका रोपाच्या पानावर भुकटीत बोटाची खूण दिसली. मालकीणबाई संतापल्या, कोणी हात लावला म्हणून. मी देवाशपथ सांगितलं, मी नाही. मग त्यांनी भिंग घेतलं. खूण सगळ्या पानांवर होती. सगळ्या साठ रोपांवर होती. मधली पानं अजून उघडलेलीही नाहीत, एकमेकांत घट्ट मिटलेली आहेत. चिमट्याने एक अलगद दूर केलं, तर त्यावरही होती.

अंगठ्याच्या टोकावर असतात तसे वळसे. एका लहान अंगठ्याचे. त्यातून आडवी गेलेली एक तिरकी रेघ, वणासारखी.

मालकीणबाई स्टुलावर बसल्या. आधी वण वण म्हणून हळहळत होत्या, मग एकाएकी हसल्या आणि म्हणाल्या, बुवा, हा वणच आपला वाण. असं पान जगात कोणाच्या बागेत नसेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी खोलीत येऊन दार लावलं. पाच वर्षांची असताना पत्र्याच्या डब्याच्या झाकणाने तिचा उजवा अंगठा कापला होता. तिरका.

मला भीती वाटली नाही. आनंद झाला.

६ एप्रिल

आता पानांपासून रोपं वाढवायची. पान तोडायचं नसतं. बुडाशी धरून डावीउजवीकडे हलवत राहायचं, मग ते आपणहून सुटतं. सुटताना बोट मोडल्यासारखा कट आवाज येतो. सुटलेली पानं कोरड्या ट्रेवर ओळीने मांडली. पंधरवड्यात चारशे झाली. तीन आठवड्यांनी बुडाशी गुलाबी मुळं फुटतात आणि इवलंसं नवं रोप येतं.

जुनी पानं वाढतात, पण त्यांच्यावरची खूण वाढत नाही. सहा वर्षांचीच राहते.

पहाटे नामाला बसतो तेव्हा खिडकी उघडी ठेवतो. लक्ष लागत नाही. जप आपसूक त्यांच्याकडे वळतो. मालकीणबाई म्हणतात, या रोपांनी बुवांचा देव पळवला. थट्टाच ती. हिला पत्रातून कळवलं, सगळं नाही, पण रजा काढून एकदा ये असं लिहिलं.

११ ऑगस्ट

मावशी काचघरात यायच्या बंद झाल्या आहेत. गेल्या महिन्यात त्या हसून सांगायच्या की या रोपांना सासरी जायचं नाही, पदर सोडत नाहीत. काल वाळलेली पानं वेचताना त्यांचं बोट मधल्या पानांत अडकलं. त्या म्हणतात, अडकलं नाही, धरलं. बोटावर लाल वळ होता. त्यांनी कुंड्या बाहेरच भरायच्या ठरवल्या आहेत, आणि मला म्हणाल्या, बुवा, आत कमी जात जा, तुमचा चेहरा उतरलाय.

मी संध्याकाळी बोट ठेवून पाहिलं. पानं मिटली. फार घट्ट नाही.

दोन तास बसलो.

३० सप्टेंबर

ही आली. हातपाय धुतले, चहा घेतला आणि मग माझ्या मागोमाग काचघरात आली. मी काही सांगितलं नाही. ती पहिल्या ट्रेपाशी थांबली आणि तिने भिंगसुद्धा मागितलं नाही.

मला वाटलं रडेल. ती रडली नाही. बराच वेळ वाकून एकेक पान बघत गेली, मग तिच्या त्या कचेरीतल्या आवाजात मला विचारलं, शिक्का कसा कोरतात माहीत आहे का. उलटा. तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. बोटाचंही तसंच, अंगठा कागदावर टेकवला की डावीउजवी बदलते. पोरीच्या अंगठ्यावरचा वण डावीकडून उजवीकडे उतरायचा. तिने महिनाभर रोज पट्टी बदलली होती, ती विसरणार नाही. ठसा असता तर तो उजवीकडून डावीकडे दिसला असता.

इथे तो डावीकडून उजवीकडे आहे.

ती म्हणाली, अहो, हा ठसा नाही. हे बोटच आहे.

मी ओळीने मांडलेल्या ट्रेंकडे पाहिलं. चारशे. एकेक मी हलवून हलवून —

परत निघताना ती म्हणाली, चला माझ्याबरोबर. मी नाही म्हटलं. फाटकापाशी तिने खाली बघत विचारलं, तेव्हा बंधाऱ्यावर नेमकं काय झालं. वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी नेहमीचंच सांगितलं. हात सुटला. ती मान हलवून गेली. मला वाटतं, तिला पहिल्यापासून माहीत आहे.

८ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहितो.

पाणी कमरेपर्यंत आलं होतं. उजव्या हातात ती, डाव्या हातात बंधाऱ्याचा खांब. खांब निसटत होता. दोन्ही हातांनी धरला तरच टिकलो असतो. तिने माझी दोन बोटं मुठीत घट्ट पकडली होती. मी ती बोटं डावीउजवीकडे हलवली.

सुटला नव्हता. सोडला.

एवढ्या वर्षांच्या जपात देवाला हे एकदाही सांगितलं नाही. त्याला माहीत असेल म्हणून नव्हे.

२० ऑक्टोबर

रोपं एकतीस तारखेला जाणार. मोठी गाडी येणार आहे, पहिली मागणी, दहा गावच्या बागांसाठी. मालकीणबाई लेबलं लिहितात, हात कापतो म्हणून एकेक दोनदा. इतक्या सुखात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, देऊ नका. त्या म्हणाल्या, बुवा, लेकीही देतोच की आपण.

मी बाहेर येऊन कुंड्यांच्या ढिगामागे उभा राहिलो.

२६ ऑक्टोबर

पाठवायची नसतील तर एकच उपाय. पाणी. नळ सोडून द्यायचा, एका दिवसात सगळी —

सकाळी नळाशी गेलो. थोडाच सोडला. ट्रेच्या तळाला पाणी लागलं मात्र, चारशे रोपांची सगळी पानं वर उठली. हळूहळू नव्हे, एकदम. ताठ. टोकं वर. जशी तेव्हा पाण्यावर फक्त —

नळ बंद केला. एकेक ट्रे फडक्याने कोरडा केला. दुपार झाली तरी पानं खाली गेली नाहीत.

पुन्हा बुडवणार नाही. पुन्हा सोडणारही नाही. मग काय करू. देवा, मग काय करू.

२९ ऑक्टोबर

खिडकी लावून घेतली. काचेवर आतून भुकटीचे ठिपके. लहान. खालपासून वरपर्यंत.

मावशी दाराबाहेरून जेवण ठेवून गेल्या. बुवा, चार घास खा, म्हणाल्या. आवाज दबका.

३० ऑक्टोबर

नाम आठवत नाही. तिचंच येतं.

हिला पत्र लिहिलं. एकच ओळ. सोडला. टाकायला मावशींकडे दिलं.

३१ ऑक्टोबर, सकाळ

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर वाईट. काचघराला आतून कडी घातली. गाडी आली आहे. मालकीणबाई दारावर थापा मारतात, अहो बुवा, अहो बुवा म्हणतात, आवाज रडवेला. त्यांची तीस वर्षं — त्यांचा काय दोष —

उजवा हात ट्रेमध्ये ठेवला. आपणहून. सगळ्या पानांनी धरला. थंड आहेत.

ट्रे कोरडा होता. आता मनगटापर्यंत पाणी. नळ बंद आहे. मी स्वतः बंद —

ओढ लागते आहे. तीच. डावीकडे काचघराचा खांब आहे, लोखंडी. हात पोचेल. पेन खाली ठेवलं तर पोचेल.

ठेवत नाही. लिहीत राहिलो तर हात मोकळा होणार नाही. लिहीत राहायचं. काहीही. लिहीत —

कोपर

बाळा घाबरू नको बाबा आहे धरलंय मी सोडत ना