निरोगी गटात बाबा

ता. ७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा हल्ली तिच्यापेक्षा जास्त बोलतो. तू पाठवलेला स्वेटर छान आहे, फक्त मी त्यात मावत नाही.

शेवटच्या वर्षाला काय घेणार, असं तू पुन्हा विचारलंस. संख्याशास्त्राचा दुसरा भाग घेते आहे, कारण त्याशिवाय पुढे कुणी दारात उभं करणार नाही हे तू माझ्या डोक्यात पक्कं बसवलंयस. बालमानसशास्त्रही घेते. मेंदू आणि वर्तन हा विषय शिकवणारे सर फळ्याशीच बोलतात, तरी तोही घेते. संशोधनाच्या प्रकल्पाचं मात्र ठरत नाही.

तू म्हणशील, कॉलेजातल्या बाईंच्या स्मरणशक्तीवरच्या अभ्यासात राबते आहेस, त्यातूनच प्रकल्प कर. बाईही तेच म्हणतात. मी आज-उद्या करत टाळते आहे. खरं सांगू, मी फार थकले आहे.

प्रयोगशाळा म्हटल्यावर काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर आणू नकोस. एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. समोरच्या माणसाला मी काही शब्द वाचून दाखवायचे आणि आठवतील तेवढे त्याने सांगायचे. मग तेच शब्द पुन्हा, पुन्हा. दर फेरीला आठवणारे शब्द थोडे वाढतात. सगळ्यांसाठी आवाज एकच ठेवायचा, हसायचं नाही, सुचवायचं नाही, आणि शेवटी प्रत्येकाला "छान झालं" एवढंच म्हणायचं.

आमच्याकडे साठीपुढची निरोगी माणसं कमी पडत होती. घरचं माणूस घेतलं तरी चालेल, फक्त नोंद कर, असं बाई म्हणाल्या. मग मी बाबांना घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाहेर बसलेल्या सगळ्यांना सांगत होते, "ही माझी धाकटी. आज ती माझी परीक्षा घेणार."

ताई, त्यांचे शब्द वाढेनात. पहिल्या फेरीत जेवढे, तेवढेच शेवटच्या फेरीत. मधल्या एका फेरीत तर ते म्हणाले, "हे शब्द तू आधी वाचले नव्हतेस." मी सपाट आवाजात पुढे वाचत राहिले. आपण पाढे म्हणताना अडलो की त्यांच्या ओठांकडे बघायचो, आठवतं? तसे शब्द आठवताना अडले की ते माझ्या ओठांकडे बघायला लागले.

आणि माझे ओठ हलले. शब्द होता 'पूल'. त्यांनी तो पटकन सांगितला आणि असे खूश झाले की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"काय मग, पास का?" त्यांनी विचारलं.

"छान झालं," मी म्हणाले. सगळ्यांना म्हणते तसंच. घरी आल्यावर त्यांनी आईला अभिमानाने सांगितलं, पोरीने छान म्हटलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना ओठांचं सांगितलं. त्यांनी बाबांचा कागद अभ्यासातून बाद केला. मग मला बसवून म्हणाल्या, "हे निदान नव्हे. पण डॉक्टरांना दाखव, वाट बघत बसू नकोस."

तरी मी वाट बघत बसले आहे. आईला सांगितलं तर ती लगेच बाबांना सांगेल. बाबा म्हणतील, चार पुस्तकं वाचली आणि बापालाच आजारी ठरवायला निघाली. मग ते माझ्याबरोबर कुठेही येणार नाहीत. तुझं ऐकतात. तू नुसतं "चला" म्हटलंस तरी चपला घालतात.

म्हणून तू ये. सुट्टी मिळत नाही, हे मला माहीत आहे, तरी ये. मी लिहिलंय असं सांगू नकोस, सहज आल्यासारखी ये. विषयांचं, प्रकल्पाचं आपण नंतर बघू. त्या टेबलाशी बसून मला त्यांना मदत करायची नव्हती. घरी करायची आहे, आणि ती एकटीने जमत नाही.

काल जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुझी ती परीक्षा कधी आहे गं? मला यायचंय." मी म्हटलं, ठरलं की सांगते.

ओठ घट्ट मिटून बसलेली,
तुझी धाकटी