गुळाची दोन ताटं

१० मे १९९८, रविवार. वसमत.
आमच्या लेकीचं, दीपाचं, जमत आलं. मुलगा रणजीत चव्हाण, कृषी खात्यात नोकरीला. वडील वसराम, मिलिटरीतून रिटायर झालेले हवालदार. येत्या रविवारी आमच्या तांड्यावर गूळ खायचा. मुलीच्या बापाने गूळ तोंडात टाकला की सोयरीक पक्की.
बायकोने, शकुंतलाने, सकाळीच बजावलं, की गूळ होईपर्यंत राजकारण बंद. हसून मान्य केलं. गावात डाव्या विचारांचा मी एकटाच. चोवीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून माणसं जोडली आहेत. कुठे थांबायचं ते मला कळतं.
संकल्प: सात दिवस मौन.

११ मे, सोमवार. संध्याकाळ.
रेडिओवर बातमी. पोखरणला अणुचाचणी. मौन कायम. फक्त शेजारच्या पेन्शनर गुरुजींना शस्त्रस्पर्धा थोडक्यात समजावली. पाऊण तास. ते मध्येच उठून आत गेले, पण चेहरा विचारात पडल्यासारखा होता.

१२ मे, मंगळवार.
मल्हारीच्या हॉटेलात पेढे. मी हात मागे घेतला. तोंडाने काही बोललो नाही, म्हणजे टेक्निकली मौन मोडलं नाही. पण प्रभूने विचारलं, "काहून, शुगर झाली का?" प्रभू माझा शाळेपासूनचा दोस्त, खताचं दुकान आहे. दोस्ताशी खोटं बोलणं तत्त्वात बसत नाही. म्हणून सांगितलं, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि आपण बॉम्बचे पेढे खातो. प्रभू म्हणाला, "बॉम्ब नव्हता तवाबी पानी आठ दिसालाच येत व्हतं." सगळे हसले. मुद्दा अगदी उथळ. उत्तर दुपारी टपालावर शिक्के मारताना सुचलं.

१३ मे, बुधवार.
उत्तर घेऊन गेलो. प्रभू आला नव्हता. बाकीच्यांना दिलं. वीस मिनिटं कोणी एका शब्दाने विरोध केला नाही. कन्व्हिन्स झालेले: चार.
घरी येऊन कळलं, आज आणखी दोन चाचण्या झाल्या.

१५ मे, शुक्रवार.
हॉटेलात कुणीच नाही. मल्हारी गल्ल्यावर डोळे मिटून बसलेला. म्हणाला, मंडळी आता स्टँडवर चहा घेतात, तिथलं दूध चांगलं आहे म्हणे. बरोबरच आहे. मल्हारीचं दूध पातळ आहे, हे मी कधीपासून सांगतो आहे.

१६ मे, शनिवार. तांडा.
घरच्यांना घेऊन जीपने आलो. धर्मसिंगदादाने अंगणातच गाठलं. थोरला भाऊ, त्यामुळे ऐकून घेतलं. "उद्या तोंड फकस्त खायासाठी उघडायचं," असं म्हणाला. दादाला राजकीय शिक्षण कमी. तरी मी शब्द दिला.
दीपा खूश दिसते. रणजीतला ती दोनदा भेटली आहे. मला तो मुलगा पसंत आहे, अगदी मनापासून.

१७ मे, रविवार. दुपारी ४.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो, नंतर विपर्यास नको.
तांड्याचे प्रमुख पेमा नाईक मध्ये, दोन्हीकडची माणसं समोरासमोर. बायका गाणी म्हणत होत्या. फोडलेल्या गुळाचं ताट माझ्यासमोर आलं. मी खडा उचलला. इथपर्यंत माझं वर्तन निर्दोष होतं.
तेवढ्यात वसराम उभे राहिले. आपले वाडवडील मारवाडातून बैलांचे तांडे घेऊन आले, त्याच मातीत परवा देशानं ताकद दाखवली, असं म्हणाले. "म्हनून आजचा गूळ दुहेरी. लेकरायचाबी, आन देशाचाबी."
आता मी काय करायला हवं होतं? तो खडा खाल्ला असता तर बॉम्बला पाठिंबा झाला असता, तोही चारचौघांत. मी शांतपणे एक दुरुस्ती मांडली. ताटं दोन करावीत. सोयरिकीचा गूळ वेगळा, बॉम्बचा वेगळा. पहिल्याला माझा पूर्ण पाठिंबा. दुसऱ्याबाबत विरोध नोंदवून तटस्थ.
पेमा नाईक म्हणाले, "अमरसिंग, गूळ एकाच ढेपेचा हाय. कोन्ता खडा कशाचा, ते आमी कसं वळखावं?"
प्रश्न रास्त होता. विचार करायला वेळ हवा, म्हणून खडा तात्पुरता ताटात ठेवला. फक्त तात्पुरता. पण आमच्यात बापाने गूळ परत ठेवला की सोयरीक मोडली असं धरतात, हे त्या क्षणी ध्यानात राहिलं नाही. गाणी थांबली. वसराम पायताण शोधू लागले.
तेव्हा दादा उठला. माझा खडा उचलून त्याने स्वतःच्या तोंडात टाकला. "बाप न्हाई तर थोरला बाप," म्हणाला. नाईकांनी मान्य केलं. सोयरीक झाली.
थोडक्यात, लग्न ठरलं आणि तत्त्वही राहिलं. दोन्ही आघाड्यांवर यश.

१८ मे, सोमवार. वसमत.
आत्मटीका केली. चूक एकच, मुद्दा मांडायला वेळ कमी पडला. शकुंतला कालपासून बोलत नाही. घरात शांतता असल्याने वाचन चांगलं झालं.

२३ मे, शनिवार.
लग्नपत्रिका आली. तारीख नऊ जून. निमंत्रक म्हणून दादाचं नाव, ठळक. माझं नाव खाली, 'पाणी व्यवस्था' या सदरात, प्रभूच्या नंतर. वसरामांनी अट घातली म्हणे, की मांडवात माइक माझ्या हाती द्यायचा नाही. उन्हाळ्यात पाणी हेच सर्वांत जबाबदारीचं खातं असतं. तरी पत्रिका दोनदा वाचली. वाईट वाटलं.

२९ मे, शुक्रवार.
काल पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. मी हेच म्हणत होतो. सकाळी सहालाच स्टँडवर गेलो. मंडळी तिथेच होती. पंधरा दिवसांचं सगळं क्रमाने सांगितलं. एकेक जण बशी ठेवून उठला. शेवटी प्रभू राहिला. म्हणाला, "तुजं खरं निघालं. पर तू इतकं सांगतो, का समोरच्याला कबूल व्हायाला जागाच ठिवत न्हाईस." मग माझ्या चहाचे पैसे देऊन तोही गेला.
प्रभू कन्व्हिन्स झाला. कबुलीच दिली.

३१ मे, रविवार. संध्याकाळ.
दीपा ओट्यावर गहू निवडत होती. जवळ बसलो. म्हटलं, त्या दिवशी तुला त्रास झाला असेल, पण बॉम्बचा प्रश्न किती गंभीर आहे ते तुला पुढे कळेल. पुस्तकही नेलं होतं.
ती मान वर न करता म्हणाली, तिला कळतं. बॉम्ब वाईटच. नववीपासून तिचं तेच मत आहे. शास्त्राच्या मोहिनीबाईंनी वर्गात हिरोशिमाचे फोटो दाखवले होते, त्या दिवशी ती जेवली नव्हती. रणजीतचंही तेच मत. दुसऱ्या भेटीत ते दोघं त्यावरच बोलले.
मला भरून आलं. इतकी वर्षं हॉटेलात माणसं शोधत होतो. म्हटलं, हे माझ्यामुळेच ना? ती म्हणाली, "न्हाई बापू. बाईंमुळं."
मग तू तेव्हा बोलली का नाहीस, असं विचारलं. माझ्या बाजूने एक तरी उभं राहायला हवं होतं.
तिने सूप खाली ठेवलं. "तुमी अन् रणजीतचे वडील, दोघंबी बॉम्बवरच बोलून राहिले व्हते. तो गूळ बॉम्बचा न्हवता, देशाचाबी न्हवता. माझा व्हता, बापू. तुमी खायाला पाहिजे व्हता."
पुस्तकात यावर काही नाही. ते मिटून बाजूला ठेवलं. ती नववीत असताना एक दिवस जेवली नव्हती, हे मला माहीतच नाही. मी तेव्हा बहुतेक हॉटेलात असणार.
तिने सूप उचललं आणि आत गेली. तिला आणखी काय काय वाटतं, ते उद्यापासून विचारायचं ठरवलं आहे. लग्नाला नऊ दिवस राहिलेत.